फॉर्म ‘अप्रूव्ड’ झाला, मग शिष्यवृत्तीचे पैसे कुठे अडतात?

प्रश्न भांडुपच्या एका ताईंचा आहे. त्यांची मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, अनुसूचित जाती प्रवर्गातून झाला. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा फॉर्म ऑक्टोबरात भरला, डिसेंबरात तो ‘अप्रूव्ड’ दिसू लागला. आता फेब्रुवारी सरत आलाय. खात्यात रुपया नाही आणि कॉलेजचं ऑफिस म्हणतंय, परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी फी भरा. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत: पैसे नेमके कधी येतात, आणि तोवर कुणाकडून उचल घेऊन फी भरावी का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. व्याजाने पैसे काढू नका. शिष्यवृत्तीची रक्कम येईल, पण तिची तारीख तुम्हाला, मला किंवा कॉलेजच्या क्लार्कला कुणालाच ठरवता येत नाही, आणि सावकाराचं व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला चढतं. कॉलेजशी कसं बोलायचं ते पुढे लिहिलंय.

मुंबईतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी बरीच वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं. आता निवृत्त आहे, ओळखीपाळखीच्या मुलांचे फॉर्म बघून देतो. दर फेब्रुवारीत पालक हाच प्रश्न घेऊन येत, आणि बहुतेकांचा समज एकच असे: ‘अप्रूव्ड’ म्हणजे पैसे निघाले. तसं नसतं. मुलीने फॉर्म पाठवला की तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाच्या. तिथे कागद तपासून मान्यता दिली की पोर्टलवर तो शब्द उमटतो. म्हणजे मुलगी पात्र आहे, एवढं ठरलं. पैसे काढायचं काम त्यानंतर सुरू होतं. मंजूर अर्जांची बिलं एकेक करून निघत नाहीत, लॉटने निघतात. त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे बजेटमधल्या त्या नोंदीखाली, त्या वेळी जेवढं अनुदान हातात असेल तेवढ्याच अर्जांची. बिल पास झालं की रक्कम आधारच्या आधारे बँकेत वळती होते. पोर्टल पहिला अर्धा प्रवास टेबलागणिक दाखवतं. दुसऱ्या अर्ध्याबद्दल ते जवळजवळ गप्प असतं, आणि पालकांची सगळी तगमग त्याच अर्ध्यात होते. माझं स्पष्ट मत असं की पोर्टलवर ‘बिल कुठे आहे’ एवढं जरी दिसलं असतं, तरी कॉलेजांच्या खिडक्यांवरची निम्मी भांडणं मिटली असती.

तुमच्या मुलीचा फॉर्म डिसेंबरात मंजूर झाला, हे चांगलं लक्षण आहे. ऑक्टोबरअखेरपर्यंत भरलेला आणि एकदाही परत न आलेला फॉर्म असेल, तर माझ्या पाहण्यात पहिली रक्कम बहुधा जानेवारी ते मार्चअखेर या काळात पडते. बहुधा म्हणतोय, दरवर्षी नाही. मार्चमध्ये नाही पडली तर मात्र मनाची तयारी थेट पावसाळ्याची ठेवा. दुसरा हप्ता तर अनेकदा मुलगी पुढच्या वर्गात बसायला लागल्यावर येतो.

असं का होतं ते सरकारच्या वर्षात आहे. कॉलेजचं वर्ष जून-जुलैला सुरू होतं, सरकारचं १ एप्रिलला. अर्थसंकल्पात तरतूद झाली तरी खात्याला ती एकदम मिळत नाही, टप्प्याटप्प्याने वितरित होते. कमी पडलेली रक्कम पुरवणी मागण्यांमधून येते, आणि त्यातली एक मोठी संधी म्हणजे डिसेंबरात नागपूरला भरणारं हिवाळी अधिवेशन. तिथे मंजूर झालेला पैसा खात्याच्या हाताशी येईपर्यंत जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. ३१ मार्चला न खर्चलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे खात्याच्या हातून जाते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये बिलांचा जो पूर येतो, त्यातच बहुतेक मुलांच्या रकमा वाहून येतात. मार्चएंडला सरकारी कचेरीत कधी डोकावला असाल तर रात्री उशिरापर्यंतचे दिवे तुम्हीही पाहिले असतील. आणि एप्रिल-मे एकदम शांत. नव्या वर्षाचं अनुदान पुन्हा पहिल्यापासून खाली झिरपायचं असतं. त्या दोन महिन्यांत ऑफिसात खेटे घालून पायाला चक्र पडेल, हाती फारसं काही लागणार नाही.

आता तुमच्या योजनेतली खास गोष्ट. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० असा वाटून घेतात. २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा होतो, आणि तो कधी? राज्याने आपला ४० टक्क्यांचा वाटा सोडल्यावर. म्हणजे दोन सरकारं, दोन तारखा, दोन वेगळ्या नोंदी. पासबुकात एकदा एक रक्कम येते, मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरी, वेगळ्याच आकड्याची. दोन्ही मिळून काय व्हायला हवं, याचा हिशेब मंजुरीच्या आकड्याशी लावा. एकच रक्कम बघून ‘सरकारने पैसे कापले’ असा ग्रह करून घेऊ नका.

याच बदलामुळे एक नवी डोकेदुखी झाली आहे, आणि तुमचं कॉलेज आज जे दडपण आणतंय त्याचं मूळही इथेच आहे. या पैशातला मोठा भाग कॉलेजच्या फीचा असतो. तो मुलीच्या खात्यात आला तरी तिचा नाही, तो आठवडाभरात कॉलेजला भरायचा असतो. काही मुलं खात्यात अचानक चाळीस-पन्नास हजार दिसले की घरात कुणाला न सांगता नवा मोबाइल घेतात. काही घरांत त्यातून थकलेलं भाडं जातं. तिथे राग येत नाही, पण कॉलेजच्या वहीत फी बाकी ती बाकीच राहते. अशी दोन-चार प्रकरणं झाली की ऑफिस सगळ्यांकडेच संशयाने बघायला लागतं. म्हणून मुलीच्या खात्याचा एसेमेस तुमच्याही मोबाइलवर येईल अशी सोय करा, आणि रक्कम जमा झाली की त्याच आठवड्यात फी भरून पावती घ्या. पुढच्या वर्षी हीच पावती तुमच्या बाजूने बोलेल.

किती रक्कम येणार याबद्दलही गैरसमज फार. फी सोडून मुलीला स्वतःसाठी मिळतो तो शैक्षणिक भत्ता. नव्या दरांप्रमाणे पदवी आणि पदव्युत्तर व्यावसायिक अभ्यासक्रमाला, म्हणजे तुमच्या मुलीच्या गटात, घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला ७,००० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला १३,५०० रुपये. साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीला घरून येणाऱ्याला ३,००० आणि वसतिगृहातल्याला ६,०००. अकरावी-बारावीला २,५०० आणि ४,०००. दिव्यांग विद्यार्थ्यांना दहा टक्के जास्त. हे आकडे वर्षाचे आहेत, महिन्याचे नाहीत. एका आईने ७,००० महिन्याचे धरून भिशी लावली होती. भांडुप ते कॉलेज रेल्वेचा पास, प्रिंटआउट, ड्रॉइंगचं सामान एवढ्यातच हा भत्ता संपतो. तेव्हा त्यावर घरखर्चाचं गणित बसवू नका.

तुमच्या बाजूने आज, या आठवड्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे आधार आणि बँक. मंजूर फॉर्मचे पैसे अडण्याचं विद्यार्थ्याच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण हेच. फॉर्मवर किंवा कॉलेजच्या वहीत कुठलं खातं लिहिलंय याला इथे अर्थ नसतो. आधार क्रमांक सगळ्यात शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला, पैसे तिथे जातात. ही नोंद एनपीसीआय या, बँकांमधली देणीघेणी चालवणाऱ्या संस्थेच्या यादीत असते आणि एका आधारला तिथे एकच बँक असते. लाडकी बहीण योजनेमुळे २०२४ च्या पावसाळ्यात ‘आधार सीडिंग’, म्हणजे बँक खात्याला आधार जोडणं, हा शब्द मुंबईच्या चाळीचाळीत पोहोचला, बँकांसमोर रांगा लागल्या. तुम्ही स्वतः त्या रांगेत उभ्या राहिला असाल तर पुढचं समजायला सोपं जाईल.

मुलीला आधारच्या अधिकृत साइटवर जाऊन बँक सीडिंगची स्थिती बघायला सांगा. तिथे बँकेचं नाव आणि नोंद ‘ॲक्टिव्ह’ आहे की नाही हे दिसतं. बँक ओळखीची आणि नोंद सुरू असेल तर निश्चिंत राहा. पण अनेकदा भलतंच नाव निघतं. शाळेत असताना गावी उघडलेलं खातं, सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं खातं, अशी विसरलेली खाती अशा वेळी समोर येतात. तसं असेल तर रोजच्या वापरातल्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार जोडणीचा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. इथे एक बारकावा आहे. बँकेचा माणूस ‘आधार लिंक आहे’ म्हणाला की लोक परत फिरतात. केवायसीसाठी आधार लावणं आणि डीबीटीसाठी जोडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला दुसरी हवीय, हे काउंटरवर शब्द उच्चारून सांगा आणि चार-पाच दिवसांनी साइटवर पुन्हा बघा.

खातं चालू आहे ना तेही पाहा. दोन वर्षं स्वतःहून काहीच व्यवहार केला नाही तर बँक खातं निष्क्रिय धरते. अपुऱ्या कागदांवर उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’ला वर्षाला एकूण एक लाख जमेची आणि एका वेळी पन्नास हजार शिलकीची मर्यादा असते, फीसारखी मोठी रक्कम तिथे आली की अडचण होऊ शकते. पूर्ण केवायसी करून घेतलं की हा अडसर उरत नाही.

दुसरी तपासणी मोबाइल नंबरची. ही गोष्ट फार क्षुल्लक वाटते, पण ज्या घरात फॉर्म झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबरवाल्याकडे भरला जातो तिथे हमखास घोळ असतो. दुकानदार घाईत स्वतःचा नंबर टाकतो, स्वतःचाच ईमेल टाकतो, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहितो. पुढे ओटीपी त्याच्या मोबाइलवर, ‘फॉर्म दुरुस्तीला परत पाठवला’ हा निरोपही त्याच्याच मोबाइलवर, आणि तोवर दुकानाच्या जागी मोमोजचा गाडा आलेला. मुलीने आजच स्वतः लॉगिन करून प्रोफाइलमधला नंबर स्वतःचा आहे का ते बघावं. लॉगिनमध्ये असतानाच पाहावं की ‘रिडीम’चं बटण किंवा व्हाउचरची, म्हणजे सुटायला तयार रकमेची, नोंद आलेली आहे का. पैसे सुटायला तयार असताना विद्यार्थ्याने, आणि ज्या योजनांत फीचा भाग थेट कॉलेजला जातो तिथे कॉलेजने, आपापल्या लॉगिनमधून व्हाउचर रिडीम केलं नाही म्हणून रक्कम पडून राहिल्याची उदाहरणं टेबलावर सर्रास बघितली आहेत. त्यात सरकारला दोष देऊन उपयोग नाही.

बँकेच्या बाजूने पैसे निघाले का हे पाहायचं असेल तर पीएफएमएस या केंद्राच्या साइटवर बँकेचं नाव आणि खाते क्रमांक टाकून पेमेंटची स्थिती दिसते. तिथे एखादी रक्कम ‘फेल’ दिसली तर कारण लिहून घ्या. त्या एका ओळीवर कॉलेजचा क्लार्क तुमचं काम झटक्यात समजून घेईल.

तुमच्या मुलीचा फॉर्म परत आला नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: खरा वेळ तिथे जातो. गिरणीवर दळणाचे डबे रांगेत असतात. तुमचा नंबर आला आणि गहू निवडलेले नाहीत असं निघालं, तर डबा घरी जातो आणि परत आणाल तेव्हा शेवटी लागतो. ‘सेंड बॅक’ झालेल्या फॉर्मचं तेच होतं. एक धूसर स्कॅन दुरुस्त करायला मुलाला दहा मिनिटं लागतात, पण तेवढ्यात जानेवारीचा लॉट निघून जातो. परत येण्याची कारणंही ठरलेली. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा. तहसीलदाराचा एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, आणि लोक जुलैत तोच चढवतात. (भांडुप-मुलुंडकरांना हा दाखला कुर्ला तहसीलदारांकडून मिळतो आणि कुर्ला तहसील कार्यालय मुलुंडला आहे. मुंबईत नव्याने आलेला माणूस कुर्ल्यात शोधत फिरतो.) आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही. मधल्या एखाद्या वर्षाचा खंड आहे आणि त्याचं प्रमाणपत्र लावलेलं नाही. जात वैधता प्रमाणपत्राऐवजी अर्ज केल्याची पावती. बाकी सगळं याच्या आसपासचं.

कॉलेजच्या बाजूनेही वेळ जातो, हे आम्ही टेबलावरचे लोक सहसा सांगत नाही. पोर्टलवर प्रत्येक अभ्यासक्रमाची फी कॉलेजने भरून खात्याकडून मान्य करून घ्यावी लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली असावी लागते. ती मान्यता लांबली की मुलांचे फॉर्म बरोबर असूनही पुढे सरकत नाहीत. एका क्लार्ककडे शेकडो फॉर्म असतात आणि तोच माणूस परीक्षेचे फॉर्म, कॉलेजच्या मूल्यांकनाच्या (नॅक) फायली, निवडणुकीची ड्युटीही करतो. जुन्या विद्यार्थ्यांचं नूतनीकरण मागच्या वर्षाच्या निकालावर अडतं ते वेगळंच. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्महिने रखडले. नेमकं त्याच शैक्षणिक वर्षी महाडीबीटीही नव्याने सुरू होत होतं. ज्यांनी ते वर्ष खिडकीमागे बसून काढलंय त्यांना नंतरचा कुठलाही उशीर फार मोठा वाटत नाही. अर्थात खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला याचं काय.

आता कॉलेजशी बोलणं. कॅपमधून आलेल्या आणि शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून पूर्ण फीसाठी अडवणूक करू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. हॉल तिकीट किंवा निकाल रोखणं हे तर त्यात अजिबात बसत नाही. पण खिडकीवर जाऊन ‘जीआर दाखवू का’ म्हणून आवाज चढवला की माणूस आडमुठा होतो. त्यापेक्षा प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: मुलीचं नाव, वर्ग, महाडीबीटीचा अर्ज क्रमांक, मंजुरीची तारीख, सोबत ‘अप्रूव्ड’ दिसणाऱ्या पानाची प्रत. त्यात लिहा की शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात जमा होताच फी भरली जाईल, आणि हमीपत्र जोडा. अर्ज दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का मारलेला कागद हातात असला की परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणी मुलीला वर्गाबाहेर उभं करायला धजत नाही. कॉलेज तरीही अडून बसलं तर शिष्यवृत्तीत न येणारी किरकोळ शुल्कं कोणती आणि किती, हे लेखी मागा. ती तुम्हाला भरावीच लागतात, आणि पुष्कळदा वाद त्या तीन-चार हजारांचाच असतो. विकास निधी, जिमखाना, अनामत, यातलं काय कुठे मोडतं ते कागदावर आलं की दोन्ही बाजूंचा सूर खाली येतो.

परीक्षेची फी मात्र वेगळी. योजनेत ती धरलेली असते, पण विद्यापीठाची मुदत कुणासाठी थांबत नाही. कॉलेज ती आधी मागत असेल तर शक्य असल्यास भरून टाका आणि पावती जपून ठेवा.

पैशांची चौकशी करायला कुठे जायचं? पहिली पायरी कॉलेजचंच शिष्यवृत्ती टेबल, कारण तुमच्या मुलीचा लॉट निघाला का हे तिच्या बरोबरच्या मुलांवरून कळतं. वर्गातल्या इतर मुलांना, त्याच योजनेत, रक्कम मिळाली असेल आणि फक्त हिला नसेल, तर अडचण तुमच्या खात्यात किंवा आधारमध्ये. कुणालाच मिळाली नसेल तर अनुदान यायचंय. एवढ्या एका चौकशीने निम्मा उलगडा होतो आणि ती फुकट आहे.

दुसरी पायरी समाजकल्याणचं सहायक आयुक्त कार्यालय. मुंबईसाठी ते चेंबूरला, आर. सी. मार्गावरच्या प्रशासकीय इमारतीत आहे. लक्षात ठेवा, घर भांडुपला असलं तरी फॉर्म जातो तो कॉलेज ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कार्यालयात. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे. कॉलेज ठाण्यात असेल तर ठाण्याचं कार्यालय, पनवेल-खारघरला असेल तर रायगडचं. जाताना अर्ज क्रमांक, आधार, पासबुकाची प्रत आणि जमलं तर कॉलेजचं पत्र न्या. नुसतं ‘पैसे कधी येणार’ विचारलं तर ‘येतील’ हेच उत्तर मिळेल. ‘या अर्ज क्रमांकाचं बिल तयार झालं का, झालं असेल तर कोणत्या तारखेला’ असं विचारा.

तिथेही दाद लागली नाही तर पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्यापुढे माहितीचा अधिकार आहे: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. हे शस्त्र मार्चमध्ये उपसू नका, जूनपर्यंत काहीच हललं नाही तर वापरा.

आणखी एक. ‘तुमची शिष्यवृत्ती अडकली आहे, प्रोसेसिंग फी भरा, ओटीपी सांगा’ असे फोन याच दिवसांत येतात. सरकार शिष्यवृत्ती सोडवायला पैसे मागत नाही. फोन ठेवून द्या.

याच प्रश्नाखाली इतर प्रवर्गांचे पालकही असतील, म्हणून थोडक्यात. खुल्या प्रवर्गातल्या आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी ती तंत्रशिक्षण संचालनालयाकडून जाते, धोबीतलावच्या महापालिका मार्गावरच्या. यात शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. इथेही फॉर्म भरावाच लागतो. ‘मुलींना फी माफ’ एवढं ऐकून काही घरांनी भरलाच नाही आणि वर्षअखेरीस पूर्ण फीची नोटीस आली. पैशांचं वेळापत्रक वर सांगितलं तेच, फक्त केंद्र-राज्य अशा दोन हिश्शांची भानगड नाही.

केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजना वेगळ्या चालतात. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत आलेल्यांसाठी पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० रुपयांची जी योजना आहे, तिच्यात कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख. तिथे मुख्य अडथळा म्हणजे कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याची पडताळणी. ती मुदतीत झाली नाही की अर्ज तिथेच संपतो, कुणी दुरुस्तीला परत पाठवत नाही. म्हणून फॉर्म भरल्यावर आठवड्याने ऑफिसात जाऊन ‘पडताळणी झाली का’ हे विचारायला लाजू नये.

आणि मुंबईतले ट्रस्ट. याबद्दल पालकांना कमी माहिती असते, पण घाईच्या वेळी खरा आधार इथेच मिळतो. जातीजमातींचे, गिरणगावातल्या जुन्या मंडळांचे, उद्योगांच्या घराण्यांचे असे कितीतरी न्यास जून ते ऑगस्टमध्ये अर्ज घेतात, मुलाखतीला बोलावतात आणि दिवाळीच्या आसपास धनादेश देतात, पुष्कळदा थेट कॉलेजच्या नावाने. रक्कम लहान असते, पाच-दहा हजार. पण ती शब्द दिलेल्या महिन्यात येते, आणि तुमच्या मुलीसारख्यांना शिष्यवृत्तीत न बसणारी किरकोळ शुल्कं त्यातून भागवता येतात. काही न्यास सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना देत नाहीत, तेव्हा फॉर्मवरची अट आधी वाचा आणि खरं तेच लिहा.

तिसऱ्या वर्षासाठी तुम्ही आतापासून एवढं करा: एप्रिल सुरू झाला की नव्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाका, जुलैची गर्दी टळेल. मुलीची हजेरी ७५ टक्क्यांच्या वर आहे ना हे दर महिन्याला विचारा. हप्त्याच्या वेळी कॉलेजला हजेरी कळवावी लागते आणि आजारपणाचा दाखला तेव्हा शोधून सापडत नाही. पोर्टल उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात नूतनीकरणाचा फॉर्म पाठवा, मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नका. मुदतवाढ मिळतेही, पण त्या गर्दीतले फॉर्म मार्चच्या बिलात बसत नाहीत. आणि यंदाच्या रकमा पासबुकात पडल्या की दोन्ही नोंदींची झेरॉक्स काढून, फी भरल्याच्या पावतीसोबत, कॉलेजच्या त्याच क्लार्कला नेऊन द्या.